बोअरच्या पाण्यातली बाग

हायड्रिलाचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या काड्या, त्यांच्यावर उपडं नरसाळं आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. हे सगळं उन्हात ठेवलं की काड्यांमधून बुडबुडे निघायचे. सुरुवातीला सर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायला सांगत. का, तर वहीत एका ओळीचं उत्तर असे: वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून. हे उत्तर अर्धंच आहे. सोडा विरघळल्यावर पाण्यात मुख्यतः बायकार्बोनेट तयार होतं. मोकळा कार्बन डायऑक्साइड त्या मानाने अगदी थोडा असतो. तरीही बुडबुडे सुटतात, कारण हायड्रिलाला बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेता येतो. त्याच पात्रात जावा मॉसचा झुबका ठेवला तर परीक्षानळी भरायची वाट बघत बसावं लागेल.

घरातल्या काचेच्या टाकीत बोअरचं पाणी भरून झाडं लावायची असतील, तर पहिला प्रश्न हाच आहे: ज्या झाडाला बायकार्बोनेटवर जगता येतं ते कोणतं आणि ज्याला येत नाही ते कोणतं? दुकानात मात्र हे कुणी सांगत नाही. तिथे झाडं 'सोपी' आणि 'अवघड' अशा दोनच गटांत विकली जातात. एखाद्याची टाकी बहरते आणि शेजारच्या सोसायटीतल्या मित्राची त्याच झाडांची टाकी महिन्याभरात कुजते. मग दोष उजेडाला, खताला किंवा नशिबाला दिला जातो. खरा फरक बहुतेक वेळा नळातून काय येतं याचा असतो.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर, उभा आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, सौम्य आम्ल बनतं आणि कातळातली खनिजं झिजवत खाली उतरतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट त्यात उतरतात ते या प्रवासात. वाटेत चुनखडीचे खडे असलेली माती लागली की भर पडते. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे आणि चंद्रपूरच्या राजुरा-कोरपना भागात तर खाली चक्क चुनखडकच आहे, म्हणून तिथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. अशा जड, म्हणजे कठीण, पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि गिझरची कॉईल पांढऱ्या कवचात अडकून जळते.

याउलट मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या जलाशयांतून मिळणारं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं. खडकाशी त्याची फारशी ओळख झालेली नसते, त्यामुळे ते बरंच मऊ असतं. पुण्यात एकाच शहरात दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात: पेठांत धरणाचं पाणी आणि उपनगरांच्या नव्या सोसायट्यांत उन्हाळाभर बोअर नाहीतर टँकर. 'पुण्यात कोणती झाडं चालतील' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कोणत्या नळाचं पाणी, ते आधी सांगावं लागतं.

तेव्हा मोजमाप आधी. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ सालच्या पेयजल मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. मत्स्यालयाच्या टेस्ट किटमध्ये जर्मन अंश वापरतात. एक अंश म्हणजे लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम. २०० म्हणजे ११ अंश, ३०० म्हणजे १७ आणि ६०० म्हणजे जवळजवळ ३४. किटमध्ये दोन बाटल्या असतात. जीएच ही कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची एकूण मोजणी, तर केएच ही बायकार्बोनेटची. बहुतेक किटमध्ये पाच मिलिलिटर पाण्यात थेंब मोजत जायचं; रंग बदलेपर्यंत जितके थेंब तितके अंश. झाडं निवडायला या दोन्हींतला केएच जास्त उपयोगाचा, आणि नेमकी तीच बाटली लोक विकत घेत नाहीत.

आरओवाला खिशातून काढतो त्या टीडीएस मीटरवर तर अजिबात विसंबू नये. तो पाण्यात एकूण क्षार किती याचा अंदाज देतो, कोणते ते सांगत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा घ्या. तिथल्या भूजलात सोडियमचे क्षार बेसुमार. मीटरवर तिथला आकडा मोठा दिसेल आणि वणीच्या चुनखडीच्या पाण्याचाही मोठा दिसेल, पण झाडांच्या दृष्टीने ही दोन वेगळी पाणी आहेत. चुनखडीच्या पाण्यात बाग फुलवता येते. खारट पाण्यात यादी फारच तोकडी होते.

आणखी एक बारकावा. बोअरचं पाणी उपसल्याबरोबर तपासलं तर पीएच ७ च्या आसपास दिसतो, कारण जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड अजून त्यात कोंडलेला असतो. तेच पाणी बादलीत हवेचा पंप लावून एक दिवस ठेवलं की वायू उडून जातो आणि पीएच ८ च्या वर चढतो. कधीकधी तळाला पांढरी भुकटीही बसते. टाकीत राहणार आहे ते हे दुसरं पाणी. तपासायचं तेही हेच.

आता कार्बनकडे येऊ. पाण्याखालच्या झाडाची सगळ्यात मोठी अडचण खताची नसते, श्वासाची असते. वायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. पानाने जवळचा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला की पुढचा पोचायला वेळ लागतो. त्यात पाणी जड. साधारण ६.४ पीएचला पाण्यातला विरघळलेला कार्बन निम्मा मोकळ्या वायूच्या रूपात आणि निम्मा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. ८ पीएचला मोकळा भाग दोन टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणजे जड पाण्यात कार्बन भरपूर असतो, पण मुदत ठेवीत अडकलेल्या पैशासारखा. ज्याला ठेव मोडता येते तो मजेत, बाकीचे उपाशी.

ठेव मोडण्याची रीत मोठी सुरेख आहे. हायड्रिला किंवा तिच्या जातकुळीतल्या झाडाचं पान उजेडात आपल्या खालच्या बाजूने हायड्रोजनचे आयन बाहेर टाकतं. तिथे पानाला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात आम्लता वाढते, बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पान तो आत घेतं. वरच्या बाजूने मग हायड्रॉक्सिल आयन बाहेर पडतात. तिथला पीएच चढतो आणि पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट बनून पानावर बसतं. पान बोटांनी चोळलं तर वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागतं. नवखे लोक ही पांढरी पूड बघून रोग आला म्हणून घाबरतात. ते रोगाचं लक्षण नव्हे. झाड बायकार्बोनेटवर काम करतंय याची ती पावती आहे. हायड्रिला याच्याही पुढे जाते. ऊन, उष्णता आणि कार्बनची टंचाई एकत्र आली की ती ऊस, मका, ज्वारी वापरतात त्या प्रकारच्या, कार्बन साठवून वापरण्याच्या मार्गावर वळते, आणि तेही उसाच्या पानात असते तशी खास पेशीरचना नसताना.

हे कसब सगळ्यांकडे नसतं. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात कोपनहेगनच्या संशोधकांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास आला. तपासलेल्या पाणवनस्पतींपैकी निम्म्याच्या आसपास जातींना बायकार्बोनेट वापरता येतं असं त्यात दिसलं. कोणत्या तळ्या-नदीत कोणत्या जाती सापडतील याचा संबंध त्या पाणलोटातल्या बायकार्बोनेटच्या प्रमाणाशी होता. निसर्गाने ही वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. आपण टाकीत ती उलटवायला जातो आणि पैसे घालवतो.

जड पाण्याच्या बागेत पहिला मान व्हॅलिस्नेरियाचा. जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या परागीभवनाच्या धड्यामुळे हे नाव मराठी मुलांना ओळखीचं असतं. तिची नरफुलं तळाशी सुटून पाण्यावर येतात आणि तरंगत तरंगत मादीफुलापर्यंत पोचतात. फलन झालं की मादीफुलाचा लांब देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळाला खाली ओढतो. भारतातल्या नद्या-तळ्यांत ती रानटी वाढते, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात ९ च्या आसपासच्या पीएचलाही वाढते आणि फ्लोरिडातल्या चुनखडकातून उसळणाऱ्या झऱ्यांमध्ये तिच्या अमेरिकी बहिणीची कुरणंच्या कुरणं आहेत. एवढ्यावरून तिला काय आवडतं ते कळावं. फितीसारखी लांब पानं मागच्या काचेला लावली की पडदा तयार होतो. धावते फुटवे वाळूतून पुढे सरकतात आणि दर काही इंचांवर नवं रोप उभं राहतं. केएच १० ते २० असलेल्या पाण्यात साध्या उजेडावर ती इतकी पसरते की कात्री हाताशी ठेवावी लागते. मऊ आणि आम्लधर्मी पाण्यात हीच व्हॅलिस्नेरिया रुसते. पानं बारीक होतात, पारदर्शक होतात आणि विरतात. 'सोपं झाड' म्हणून ती मुंबईत विकली जाते आणि तिथेच तिच्याविषयी सगळ्यात जास्त तक्रारी ऐकू येतात.

लावताना एवढंच बघा की जिथून पानं फुटतात तो गड्डा वाळूत पुरला जाऊ नये. फक्त मुळं आत जावीत. आणि 'लिक्विड कार्बन' नावाने मिळणारी ग्लुटारल्डिहाइडची बाटली तिच्या टाकीत ओतू नका. त्याने व्हॅलिस्नेरियाची पानं अनेकदा अक्षरशः वितळतात. तिला बाटलीतल्या कार्बनची गरजही नसते.

तिच्याच पंगतीला सेराटोफायलम, म्हणजे दुकानातलं हॉर्नवर्ट. याला मुळंच नसतात. तरंगत सोडा किंवा दगडाखाली टोक दाबा. नवी टाकी लावल्यावर पहिल्या दोन महिन्यांत पाण्यातलं अमोनिया आणि नायट्रेट झपाट्याने ओढून घेण्यासाठी याच्यासारखं झाड नाही. फार ऊन तापलं की सुया गाळतं आणि फिल्टर तुंबवतं, हे मान्य करून घ्यायचं. हायड्रिलाही याच कामाची, पण लहान टाकीत ती आठवड्यात सगळी जागा व्यापते. मी तिला कायमची जागा देत नाही. सुरुवातीला लावते आणि बाकी झाडं रुजली की काढून टाकते. एलोडिया आणि एजेरिया यांनाही बायकार्बोनेटची कला येते, पण त्या मूळच्या थंड पाण्यातल्या. मे महिन्यात टाकीचं पाणी ३२ अंशांवर गेलं की त्या मान टाकतात. विदर्भ-मराठवाड्यात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता थोडं वेगळं कूळ. क्रिप्टोकोरिन. यातल्या बहुतेक जाती बायकार्बोनेटवर झडप घालणाऱ्या नाहीत. त्या जड पाणी सोसतात ते सावकाश वाढत असल्यामुळे. कमी वाढ, कमी कार्बन, असा त्यांचा हिशोब. शिवाय अन्नपाणी त्या मुख्यतः मुळांनी घेतात, त्यामुळे वरच्या पाण्यात लोह टिकत नसलं तरी त्यांचं फारसं अडत नाही. पण या कुळात चुनखडकाच्या नद्यांत वाढलेल्या जातीही आहेत. थायलंडकडची बालान्सी नावाने मिळणारी क्रिप्टोकोरिन क्रिस्पॅट्युला ही त्यांतली अव्वल: अरुंद, कडांना चुण्या पडलेली, दीड-दोन फूट लांब पानं प्रवाहात हलत राहतात. फिलिपिन्समधल्या अपोनोजेटिफोलिया आणि उस्तेरियाना या दोन्हींची पानं फणसाच्या सालीसारखी उंचसखल, आणि दोन्ही जड पाण्यात उत्तम वाढतात. मोठी टाकी असेल तर यांना तोड नाही. लहान टाकीसाठी श्रीलंकेची वेंटी किंवा बेकेटी घ्यावी. तपकिरी, हिरव्या, लालसर अशा छटा मिळतात आणि २० अंश कठीणपणाच्या पाण्यातही त्या कुरकुर करत नाहीत.

क्रिप्टोकोरिनची एक खोड आधीच माहीत हवी. नवीन पाण्यात आणल्यावर आठवड्याभरात सगळी पानं चिकट लगदा होऊन गळून पडतात. रोपवाटिकेत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात; ती पानं पाण्यासाठी बनलेलीच नसतात. त्यात पाण्याचा कठीणपणा अचानक बदललेला. अशा वेळी लोक झाड उपटून फेकतात. उपटू नका. मूळ जिवंत असतं आणि तीन-चार आठवड्यांत नव्या पाण्याला साजेशी नवी पानं वर येतात. त्या काळात जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

कोकणात आणि गोव्यात ओढ्यांच्या काठी आणि भातखाचरांत याच कुळातल्या जाती रानटी सापडतात. त्यांतल्या काहींचा पसारा पश्चिम घाटापुरताच आहे. दुकानात रोपवाटिकेचा माल मिळत असताना ओढ्यातून उपटून आणण्याचं काही कारण नाही.

जावा फर्न आणि अनुबियास यांच्याविषयी फार लिहायला नको. ही दोन्ही झाडं लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायची, खोड वाळूत पुरायचं नाही, आणि मग विसरून जायचं. पाणी कसलंही चालतं. अनुबियासचं एक पान वर्षभर टिकतं, त्यामुळे त्यावर शेवाळ आणि चुना दोन्ही साचतात. तिला झाडांच्या सावलीत बसवलं की झालं. पुढच्या बाजूला गवतासारखं काही हवं असेल तर सॅजिटारिया सब्युलाटा लावा. ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या नद्यांतली, त्यामुळे थोडा खारटपणाही तिला चालतो. मधोमध एकच मोठं झाड हवं असेल तर अॅमेझॉन स्वोर्ड. नाव अॅमेझॉनचं असलं तरी मुळाशी खताची गोळी मिळाली की जड पाण्याबद्दल तिची तक्रार नसते.

आपल्याकडची ब्राह्मी मात्र लोक विसरतात. बॅकोपा मोनिएरी या नावाने परदेशातल्या दुकानांत ती मत्स्यालयाचं झाड म्हणून विकली जाते. ओल्या बांधावर, खाडीकाठच्या मचूळ दलदलीतही ती वाढते. पाण्याखाली सावकाश आणि सरळ उभी राहते. गोल जाड पानं, फांद्या कमी. हिरवीच राहते, लाल होत नाही, म्हणून सजावट करणारे तिला नाकं मुरडतात. माझं मत उलट आहे: खारपाणपट्ट्यातल्या माणसाने सुरुवात हिच्यापासून करावी.

चुनखडीवर प्रेम करणारं एक देखणं लहान झाड म्हणजे पोगोस्टेमॉन हेलफेरी. थायलंड-म्यानमार सरहद्दीकडच्या नद्यांतलं हे झाड वरून बघितलं तर कुरळ्या पानांची हिरवी चांदणी दिसतं. महाग आहे आणि उजेड मागतं, पण जड पाण्यात पुढच्या रांगेसाठी इतकं चांगलं दुसरं सापडणं कठीण. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि भातखाचरात उगवणारं पाणनेचं सेराटोप्टेरिस ही दोन्ही इथलीच, स्वस्त आणि तक्रार न करणारी.

मग जड पाण्यात काय लावू नये? टोनिना, सिन्गोनॅन्थस, रोटाला वालिची, रोटाला मॅक्रान्ड्रा. दुकानातल्या चित्रांत जी लाल-गुलाबी, मऊ, सुईसारखी झाडं दिसतात त्यांतली बरीचशी या गटातली. यांना मोकळा कार्बन डायऑक्साइडच लागतो आणि बायकार्बोनेट जास्त झालं की त्यांचे शेंडे आखडतात. याच गटातलं एरिओकॉलॉन हे कुळ आपल्या डोळ्यांसमोर आहे. सप्टेंबरात कासच्या पठारावर पांढऱ्या मण्यांचा गालिचा पसरतो तो गेंद, म्हणजे एरिओकॉलॉनच. ते जांभ्याच्या कातळावर साचलेल्या निव्वळ पावसाच्या पाण्यात वाढतं, जिथे चुना जवळजवळ नसतोच. सातारच्या पठारांवरचा वायतुरा, अपोनोजेटॉन साटारेन्सिस, हाही अशाच उथळ डबक्यांतला आणि जगात फार थोड्या ठिकाणी उरलेला. बोअरच्या पाण्यात ही झाडं जगणार नाहीत, आणि जगली असती तरी ती आणायची नसतात.

काही जण म्हणतील, पाणीच बदलू. बदला, पण कसं ते बघा. घरातल्या सॉफ्टनरचं पाणी चालत नाही. ते यंत्र कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतं आणि बायकार्बोनेट जसंच्या तसं ठेवतं. झाडांच्या हिशोबाने हा तोट्याचा सौदा. बदामाची पानं टाकली तर पाण्याला चहाचा रंग येतो, केएच १५ असताना पीएच मात्र हलत नाही. 'पीएच डाऊन'ची बाटली ओतली की काही तास आकडा खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी परत वर. त्यात फॉस्फोरिक आम्ल असेल तर पाणी दुधाळ होतं आणि शेवाळाला मेजवानी मिळते. महागडी अॅक्वा सॉईल माती बायकार्बोनेट शोषते खरी, पण बोअरच्या पाण्यात ती क्षमता लवकरच संपते आणि उरते ती नुसती महाग माती. आरओचं पाणी मिसळणं हा खरा उपाय, पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे बरंच पाणी गटारात जातं. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत लाल झाडासाठी हे करणं मला पटत नाही. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात साठवून अर्धं-अर्धं मिसळा. ते मऊच असतं आणि फुकट मिळतं.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. जड पाणी वायू विरघळण्याच्या आड येत नाही. केएच १० आणि पीएच ७ असेल तर पाण्यात लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तेवढा बहुतेक झाडांना भरपूर झाला. म्हणजे या दोन टोकांच्या मधली अनेक झाडं, जी नुसत्या जड पाण्यात रडतात, ती वायू मिळाला की त्याच पाण्यात वाढतात. त्यांना पाण्यातल्या चुन्याचा त्रास नव्हताच. कार्बनची उपासमार होती. मात्र असा सिलिंडर लावलेल्या टाकीत संगमरवराची खडी किंवा शंख-शिंपले ठेवू नका. वायूमुळे ते विरघळतात आणि कठीणपणा आणखी वाढतो. दगडावर लिंबाचा थेंब टाकून बघा. फसफसला तर तो टाकीबाहेर. काळा बसाल्ट निर्धोक.

उपासमारीचा दुसरा प्रकार लोहाचा. ऊस उत्पादकांना हे सांगायला नको. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, नवी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तसंच टाकीत होतं. मातीत लोह असतं, पण चढ्या पीएचला ते गंजासारखं बसून जातं आणि मुळाला मिळत नाही. शेतात हिराकस देतात. टाकीत हिराकस टाकला तर थोड्याच वेळात त्याचा तांबूस गाळ होईल. चिलेटेड लोह घ्यावं लागतं आणि त्यातही लेबल वाचावं लागतं. ईडीटीए रूपातलं लोह पीएच ७ च्या पुढे फार टिकत नाही. डीटीपीए साडेसातपर्यंत पुरतं. ईडीडीएचए ९ च्या पीएचलाही टिकतं, द्राक्ष आणि संत्र्यासाठी कृषी सेवा केंद्रात मिळतं, फक्त पाण्याला गुलाबी छटा देतं. कणभर पुरे. मुळांनी खाणाऱ्या झाडांना याहून सोपा उपाय म्हणजे वाळूत खोल खोचलेली खताची गोळी. तिथे ऑक्सिजन कमी असल्यामुळे लोह विरघळलेल्या रूपात राहतं.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरमसाट असलं की पोटॅशियम घेण्यात झाड मागे पडतं. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर हे ओळखावं. शेतकरी ज्याला ०:०:५० म्हणतात ते सल्फेट ऑफ पोटॅश चालतं. १०० लिटर पाण्यात एक ग्रॅम टाकलं की लिटरला सुमारे ४ मिलिग्रॅम पोटॅशियम वाढतं. मॅग्नेशियम बसाल्टच्या पाण्यात बहुधा पुरेसं असतं, म्हणून एप्सम सॉल्टचा सल्ला आपल्याकडे डोळे मिटून पाळू नये. तो बहुतेकदा चुनखडकाच्या देशांतून आलेला असतो.

आता उन्हाळ्याचा हिशोब, जो सगळ्यात जास्त टाक्या बुडवतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. १०० लिटरच्या टाकीतून एप्रिलमध्ये आठवड्याला ५ लिटर पाणी उडालं आणि ते ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या बोअरच्या पाण्याने भरलं, तर दर आठवड्याला लिटरमागे १५ मिलिग्रॅमची भर पडते. आठ आठवड्यांत ३०० चे ४२० होतात, आणि टाकीत कुठला बदल झाल्याचं दिसतही नाही. नुसती भर घालत राहू नका. थोडं पाणी काढा आणि मग भरा. उडालेल्यापुरतं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं तर फारच उत्तम, तेवढ्याला ते पुरतंही. टँकरचा स्रोत बदलला की केएच पुन्हा मोजा.

माशांचं थोडक्यात. गप्पी, मोली, प्लॅटी आणि मलावी-टांगानिकाचे सिक्लिड हे जड पाण्याचेच रहिवासी. फक्त मलावीच्या माशांना झाडं चावायची सवय असते, त्यांच्यासोबत व्हॅलिस्नेरिया आणि अनुबियासच टिकतात. दाट व्हॅलिस्नेरियाच्या टाकीत संध्याकाळी पीएच बराच चढतो, आणि चढ्या पीएचला तेवढंच अमोनिया जास्त विषारी ठरतं, म्हणून मासे कमी ठेवा.

शेवटचं, छाटणीचं. जड पाण्यात फोफावणारी ही झाडं आपल्या नद्यांतही तितकीच फोफावतील. हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथले झरे, तलाव मोकळे करायला अमेरिकेला आजही खर्च करावा लागतो. मुळा-मुठा आणि पंचगंगेवर जलपर्णीने काय केलं ते आपण दरवर्षी बघतो. म्हणून छाटलेली पानं आणि काड्या ओढ्यात, विहिरीत किंवा गावतळ्यात टाकू नका. दोन दिवस उन्हात कडक वाळवा आणि कुंडीतल्या खतात मिसळा.